कपाटातल्या बावीस बाटल्या

बार्शीच्या एसटी स्टँडवर मला सोडायला पाच माणसं आली होती. अप्पा, आई, काकी आणि काकीच्या दोन मुली. बॅगेचं वजन तेवीस किलोच्या आत आहे ना, हे आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर दोनदा बघितलं होतं. तरी आईनं आयत्या वेळी किलोभर गुळाची भेली फडक्यात बांधून आणली. "तिथला गूळ कसला असतोय कुणाला ठाऊक," म्हणाली. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर आणि विमानात बसणाराही पहिलाच. अप्पा एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये शिपाई होते. शाळा सुटल्यावर एकेका वर्गाचे दिवे-पंखे बंद करत जायचं, हे त्यांचं दिवसाचं शेवटचं काम. घरीही त्यांनी ती शिस्त आम्हाला लावली होती. गाडी हलली तेव्हा खिडकीखालून त्यांनी तेच सांगितलं, "खोलीतून निघताना बटणं बघत जा." आईनं डोळे पुसले नाहीत. ती म्हणाली, "तिथं दारू मिळत नाही म्हणतात, म्हणून सोडतेय. नाहीतर पुण्यालासुद्धा धाडलं नसतं तुला."

ती हे उगाच बोलली नव्हती. माझे धाकटे काका दारूपायी गेले, ऐन सदतिसाव्या वर्षी. काकी दोन मुलींना घेऊन आमच्यातच राहिली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आईनं गावातल्या बायका गोळा केल्या आणि दारूचं दुकान बंद करायला मतदान मागितलं. आमच्याकडे हे कसं होतं ते बाहेरच्यांना माहीत नसेल. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. आई सातवी शिकलेली. चार महिने ती घरोघर फिरली. दुकानदाराच्या माणसांनी एकदा तिला रस्त्यात अडवलं. "तुझं पोरगं शिकतंय ना, त्याचं बघ आधी." ती म्हणाली, "त्याचंच बघतेय." दुकान बंद झालं. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये बायकांचा कार्यक्रम असतो आणि आईचं भाषण असतं.

अशा बाईचा मुलगा कतारला आला आणि इथं येऊन घरात बिअर करायला शिकला.

हे मी आईसाठी लिहीत नाही. तिला सगळं ठाऊक आहे. दोह्यात जे लोक इनासदादांना ओळखत होते, ज्यांनी ऐकलं की वसईच्या एका माणसाला दारू गाळताना पकडून परत पाठवलं, त्यांच्यासाठी लिहितो आहे. एकोणीस वर्षं या गावात नीट राहिलेल्या माणसाचं नाव एका दुपारी गेलं. त्या बाटल्या त्यांच्या नव्हत्या. माझ्या होत्या.

मी आलो तेव्हा कंपनीनं मला अल मन्सूऱ्यात एका जुन्या इमारतीत खोली दिली. खाली केरळी हॉटेल, शेजारी भाजीचं दुकान. दोन खोल्यांचा फ्लॅट, मधे छोटा हॉल. एका खोलीत मी, दुसरीत इनासदादा. ते आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर, पन्नाशीच्या आसपासचे, वसईचे कॅथलिक. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातलं गुळाचं फडकं बघितलं आणि मराठीत म्हणाले, "ये. गूळ आणलायस म्हणजे आपलाच." पंधरा तासांच्या प्रवासात माझ्याशी मराठीत बोललेला तो पहिला माणूस.

मला काहीच येत नव्हतं. इथं राहायचं ओळखपत्राचं कार्ड कसं करायचं, कुठल्या दुकानात मटकी मिळते, साहेबाच्या ईमेलला काय उत्तर द्यायचं. ऑफिस वेस्ट बेमधल्या एका टॉवरच्या एकतिसाव्या मजल्यावर. माझं काम इमारती थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपांची ड्रॉइंगं करायचं. मीटिंगमध्ये सगळे भराभर इंग्रजी बोलायचे आणि मी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. दादांनी मला चपाती लाटायला शिकवलं, बोंबील तळायला शिकवले. आईचा व्हिडिओ कॉल आला की ते मागून डोकं घालायचे. "आई, तुमचं पोरगं जेवतंय बरं का. जेवतंय म्हणजे माझं जेवतंय." आई पदर सावरून हसायची. तिच्या बोलण्यात ते लवकरच 'वसईचे दादा' झाले, ती त्यांच्याहून थोडी मोठी असूनही.

बिअर मी पहिल्यांदा प्यायलो ती साने सरांच्या घरी. सर पुण्याचे, आमच्या ऑफिसात फार वरच्या जागेवर. अल दुहैलच्या एका कंपाउंडमध्ये त्यांचा व्हिला. शुक्रवारी दुपारी तिथं मराठी मंडळी जमायची. मुलं स्विमिंग पूलमध्ये आणि त्यांच्या आया मराठीत हाक मारायच्या तर उत्तर इंग्रजीत. मी एका कोपऱ्यात प्लेट धरून उभा असायचो. इथं बिअर मिळतच नाही असं नाही. परवाना असला तर एका ठिकाणाहून विकत आणता येते. घरी करणं मात्र गुन्हा. सरांच्या एका पाहुण्यानं घरी केलेली बिअर त्या दिवशी आणली होती आणि सगळे त्याच्याभोवती जमले होते. मी एक घोट घेतला. कडू, थोडी पावासारखी. आवडली असं म्हणता येणार नाही. त्या माणसाभोवती जमलेली गर्दी आवडली.

मग मी वाचून काढलं. अभ्यास करणं एवढंच मला येतं. दुकानात उघड मिळणारं जवाचं बिनदारूचं पेय, पावाचं यीस्ट आणि आईचा गूळ. प्रकार अडाणी होता, पण मी तो इंजिनिअरसारखा केला. पाण्याचा मोठा प्लास्टिकचा कॅन, झाकणाला नळी, नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात, म्हणजे आतली हवा बाहेर पडेल आणि बाहेरची आत जाणार नाही. दर मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मी वहीत लिहायचो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या जमवायच्या, गरम पाण्यानं धुवायच्या, उलट्या टांगून वाळवायच्या. भरताना प्रत्येक बाटलीत चिमूटभर गूळ, त्यानं फेस येतो. मग चिकटपट्टीवर तारीख लिहून कपाटात कपड्यांमागे, अंधारात.

दुसऱ्या वर्षी ती चांगली व्हायला लागली. साने सर म्हणाले, "अरे, गुळाची काय चव आलीय! कुठून शिकलास?" त्या दिवसानंतर मला कोपऱ्यात उभं राहावं लागलं नाही. मी गेलो की "आला, आमचा बार्शीचा ब्रू-मास्टर आला" अशी हाक यायची, सानेवहिनी खुर्ची द्यायच्या, ऑफिसातही सर माझं मत विचारायचे. आईनं बांधून दिलेला गूळ मी या कामाला लावला आणि त्याच्या जोरावर मोठ्या माणसांत बसलो. तेव्हा मला ते वाईट वाटलं का? वाटायचं, फडकं सोडताना. मग बाटलीतला फेस बघितला की विसरायचो.

दादांना सगळं दिसत होतं. ते वाइनच्या घरातले. त्यांच्याकडे नाताळासाठी द्राक्षांची वाइन घरीच होते, त्यांची आई बरणीत घालायची. पण इथं ते शिवतसुद्धा नव्हते. आधी त्यांनी थट्टा केली. "इंजिनिअर, तुझं बाळ आज किती वेळा ढेकर देतंय?" मग एकदा नीट समोर बसून म्हणाले, "हे बघ, घरी मी पण तुला ग्लास भरून देईन. इथं नको. ज्या माणसाच्या घरात राहतो त्याला जे चालत नाही ते करू नये, एवढंच." मी म्हणालो, "हो दादा, ही शेवटची." असं मी पाच-सहा वेळा म्हणालो असेन.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी रजेवर निघालो. परत आलो की साने सरांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता आणि त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. कॅनमधली बिअर अजून तयार नव्हती, बुडबुडे येत होते. अजून आठवडा तरी थांबायला हवं होतं. पण विमान तीन दिवसांवर आलं होतं. म्हणून मी तशीच बाटल्यांत भरली. बावीस बाटल्या. घाईत गूळही मोजला नाही, बोटांनी चिमटी-चिमटी टाकला. दादा दारात येऊन म्हणाले, "ओतून टाक रे. नाहीतर मला दे, मी ओततो." मी म्हणालो, "आल्यावर एकदाच, खलास." त्यांनी मान हलवली आणि माझ्या खोलीची किल्ली नेहमीसारखी स्वतःच्या जुडग्यात अडकवली.

आणि निघताना मी काय केलं, तर बटणं बघितली. दिवा बंद, पंखा बंद, एसी बंद. खिडकी लावली, दार लावलं, कुलूप घातलं. जुलैच्या दोह्यात. इमारती थंड ठेवायचा पगार घेणारा माणूस मी. बंद खोली इथं उन्हाळ्यात किती तापते आणि त्या तापात बाटलीत दाब किती चढतो, हे आकड्यांत सांगू शकलो असतो. पण तो हात माझा नव्हताच, शाळेतले पंखे बंद करत जाणाऱ्या शिपायाच्या मुलाचा होता. वीज वाचवल्याचं समाधान घेऊन मी टॅक्सीत बसलो.

नवव्या दिवशी गावात आईचा कार्यक्रम होता. शाळेच्या हॉलमध्ये दीडशे बायका. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. आईनं माइक हातात घेतला. तिला कागद लागत नाही. काकांचं सांगितलं, काकीचं सांगितलं आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "हे माझं पोरगं. परदेशात राहतंय, पण कशाला शिवलं नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. इनासदादा.

मी हॉलच्या मागच्या दाराबाहेर गेलो. दादा अगदी हळू आवाजात बोलत होते. "घाबरू नको, ऐक. तुझ्या बाटल्या फुटल्या. एकापाठोपाठ एक. खालच्या मजल्यावरच्या बाईला वाटलं सिलेंडर फुटला, तिनं वॉचमनला बोलावलं, त्यानं ॲडमिनच्या माणसाला. मला स्टोअरमधून बोलावून घेतलंय. खोली उघडलीय. कपाटातून खाली सगळं वाहतंय आणि वास जिन्यापर्यंत आहे. ॲडमिनवाला हॉलमध्ये उभा आहे, विचारतोय हे कुणाचं." मग त्यांनी विचारलं, "काय सांगू?"

खिडकीतून आईचा आवाज येत होता. माइकवरून आलेलं प्रत्येक वाक्य भिंतीवर आपटून माझ्याकडे येत होतं. मला एकच शब्द बोलायचा होता. 'माझं' एवढाच. मी म्हणालो, "दादा, आई भाषण करतेय."

 मग ते म्हणाले, "बरं. जा, आत जाऊन बस."

मी आत जाऊन बसलो. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

दादांनी ॲडमिनला सांगितलं की या खोलीची किल्ली माझ्याजवळ असते, पोरगा रजेवर आहे, सामान माझं. कंपनीनं पोलिसांपर्यंत नेलं नाही. तेवढी दया केली म्हणायची. बाराव्या दिवशी त्यांना परतीच्या विमानात बसवलं. मी रजेवरून आलो तेव्हा त्यांची खोली रिकामी होती. भिंतीवर येशूच्या तसबिरीच्या जागी चौकोनी डाग. गादी गुंडाळून ठेवलेली. फ्रिजमध्ये माझ्या नावाची चिठ्ठी लावलेला डबा, आत आंबोशीचं लोणचं. आठवडाभरानं ॲडमिननं विचारलं, तुमच्या खोलीला वास आहे, त्यांची खोली मोठी आहे, खिडकीही दोन, तुम्ही तिकडे जाता का. मी गेलो. तेही मी केलं.

साने सरांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी तब्येतीचं कारण सांगितलं. पुढे त्यांच्याकडे एकदा गेलो तर तिथं तीच चर्चा. कुणीतरी म्हणालं, "वसईवाले ना, त्यांना काय, घरचाच धंदा." लोक हसले. मी तिथं बसलेला होतो. सरांना ठाऊक असणार बाटल्या कुणाच्या ते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला. मला वाटतं त्यांनाही माझं गप्प राहणं सोयीचं होतं. मी पुन्हा गेलो नाही आणि पुन्हा कॅन भरला नाही. पण न पिणं, न करणं, यानं कुणाचं काय भरून निघत होतं? दादांना फोन लावला की ते दोन मिनिटं बोलायचे. "बरा आहे. केळी लावलीत. तू काम कर." मी माफी मागायला लागलो की म्हणायचे, "यल्ला, चल, ठेव, ताई हाक मारतेय." घरात ताई कोण ते मला माहीत नव्हतं. बहुधा कुणीच नव्हती.

आई मात्र दर रविवारी विचारायची. "वसईचे दादा दिसंनात रे आताशा?" मी म्हणायचो, त्यांची ड्यूटी बदललीय. मग म्हणायचो, रजेवर गेलेत. एकदा म्हणालो, नोकरी सोडली त्यांनी. आई म्हणाली, "मला न सांगता? असा माणूस नव्हता तो." हे ऐकल्यावर मी फोन ठेवला आणि त्यांच्या त्या दोन खिडक्यांच्या खोलीत बसून राहिलो. त्यांचं नाव मी आता आईपाशीही घालवलं होतं.

चौदा महिन्यांनी पुढच्या रजेत सांगितलं. आई सुपात तूर निवडत बसली होती, अप्पा दारात पेपर वाचत होते. मी सगळं एका दमात बोललो, गुळासकट. आईचे हात थांबले नाहीत. खडे बाजूला पडत राहिले.

"किती बाटल्या?"

"बावीस."

"माझं भाषण चाललं होतं तेव्हाच फोन?"

"हो."

"आणि तू आत येऊन बसलास." हे तिनं विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मग म्हणाली, "त्यांच्या घरवालीला कुणी सांगितलं का?"

"नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. "माझा दीर दारू प्यायचा, पण दुसऱ्याच्या नावावर प्याला नाही कधी. उद्या जायचं."

 अप्पांनी पेपरची घडी घातली आणि विचारलं, "एसीचं बटण मी सांगितलं होतं म्हणून बंद केलंस का रे?" मी म्हणालो, "नाही अप्पा, लाइट गेली होती." अप्पांशी खोटं बोललो ते तेवढंच, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

वसईला आई पहिल्यांदाच आली. दादांचं घर रस्त्यापासून आत, पुढे अंगण, कडेला केळी, पलीकडे दोन घरांतल्या बायका मासे साफ करत बसलेल्या. दादांच्या बायको, मोनिकावहिनी, बाहेर आल्या. फोटोत बघितलेल्यापेक्षा बारीक झाल्या होत्या. मी ओळख सांगितली तशा त्या आनंदल्या. "तुम्ही ते! या, या. आई, बसा, पाणी आणते." आईनं चपला काढल्या, पण ती बसली नाही. "आधी ऐका, मग पाणी द्या," म्हणाली. आणि मग तिनं आवाज चढवला. हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची तिला सवय आहे. "तुमच्या मालकांना ज्या बाटल्यांपायी परत धाडलं, त्या त्यांच्या नव्हत्या. माझ्या मुलाच्या होत्या. त्यांनी याचा गुन्हा अंगावर घेतला आणि यानं घेऊ दिला. मी याची आई. मला काय म्हणायचं ते म्हणा."

मासे साफ करणाऱ्या बायकांचे हात थांबले. तेवढ्यासाठीच आईनं आवाज चढवला होता, हे मला नंतर कळलं.

केळीतून दादा आले, हाताला माती. "आई! तुम्ही कशाला एवढ्या लांब..." मग माझ्याकडे वळले. "काय रे इंजिनिअर, चौदा महिने? तुझ्या बाटल्या तर नवव्या दिवशीच बोलल्या होत्या."

मी हात जोडले. त्यांनी झटकले. "नाटक नको. आणि मला मोठा संत समजू नको. मला वाटलं एकोणीस वर्षं झालीत, माझं ऐकतील, वॉर्निंग देऊन सोडतील. नोकरी जाणार हे कळलं असतं तर तुझंच नाव सांगितलं असतं मी." ते हसले, पण वहिनी हसल्या नाहीत. त्या दादांकडे बघत होत्या.

"मला पण सांगितलं नाहीत?" त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं. देवासमोर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, जाऊ दे."

दादा म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू गावभर सांगितलं असतंस. मग पोराची नोकरी गेली असती."

"चार महिने मी तुमच्याशी बोलले नव्हते. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला तुम्ही मागच्या बाकावर बसायला लागलात आणि मी पुढे बायकांत. मला वाटायचं, बरंच आहे." आणि त्या रडायला लागल्या, अंगणातच. दादांना काय करावं कळेना. मातीचा हात त्यांनी लेंग्याला पुसला आणि वहिनींच्या खांद्याजवळ नेऊन तसाच धरून ठेवला.

मी समजत होतो, मी त्यांची नोकरी घालवली. प्रत्यक्षात मी काय काय घालवलं होतं, ते त्या अंगणात उभं राहून बघायला लागलं. सुटीवर आले की दादा देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, बायबलचं वाचन करायचे. ते त्यांनी आपणहून सोडलं होतं. धाकट्या मुलीसाठी आलेलं एक स्थळ परत गेलं होतं. कुणी कारण सांगितलं नव्हतं.

वहिनी आत गेल्या. बऱ्याच वेळानं एक तांब्या आणि एक पेला घेऊन आल्या. आईला पाणी दिलं. मला दिलं नाही. मी तहानलेला होतो आणि मला ते बरोबर वाटलं.

परत आल्यावर मी ॲडमिनकडे गेलो आणि सांगितलं. त्यानं कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हटलं, "फाइल क्लोज्ड, माय फ्रेंड. खलास. डू युवर वर्क." मी साहेबांना लिहूनही दिलं. उत्तर आलं नाही. दादांना परत बोलावणं कुणाच्या मनात नव्हतं, त्यांच्या जागी माणूस आलेला होता. खरं बोलायलाही एक वेळ असते आणि ती माझ्या हातात एका दुपारी अर्धा मिनिट होती. आता हे छापून आल्यावर माझ्या नोकरीचं काय होईल मला माहीत नाही. व्हायचं ते होवो. पण साने सरांच्या हिरवळीवर जे हसले होते, त्यांनी हे वाचावं.

गावात आईनं पुढच्या कार्यक्रमात स्वतःच सगळं सांगितलं. मी नव्हतो, काकीनं फोनवर कळवलं. एक बाई उठून म्हणाली म्हणे, "मग आमच्या पोरांना कशाला शिकवता? आधी घरचं बघा." आई म्हणाली, "बघतेय की. बघायचं सुटलं होतं म्हणून तर सांगतेय." त्या वर्षी टाळ्या कमी पडल्या. आईला ते लागलं असणार. 

इथं येऊन नऊ वर्षं झाली. सुरुवातीला मला घर म्हटलं की आमच्या गावचं पत्र्याचं घर दिसायचं, जिथं सगळे मला चांगला मुलगा समजतात. आता तसं दिसत नाही. जिथं माझ्याविषयी चांगलंच ऐकलेलं आहे तिथं मला चोरासारखं वाटतं. मी काय केलं ते पुरतं ठाऊक असूनही जिथं मला दारातून आत घेतात, त्यालाच मी आता घर म्हणतो, आणि अशी दारं माझ्या हिशेबी दोनच आहेत. वसईत दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा वहिनींनी चहा दिला. बोलल्या नाहीत. गेल्या रजेत बोलल्या, "साखर पुरे का?" एवढंच. दादा आता पुन्हा वाचन करतात. मी एका रविवारी मागच्या बाकावर बसून ऐकलं. चष्मा पुसून, घसा साफ करून, सावकाश वाचतात.

मुंबईला विमान उतरलं की मी फोन करतो. आई पूर्वी विचारायची, जेवलास का, किती वाजता पोचशील, कुठली गाडी. आता ती आधी एकच विचारते.

"वसईला जाऊन आलास का?"

मागच्या वेळी म्हणालो, "आई, या खेपेला दिवस कमी आहेत, आधी घरी येतो, मग जाताना जाईन."

ती म्हणाली, "नको."

मी वसईला गेलो. दादांबरोबर केळीला आळी केली, दुपारी वहिनींच्या हातचं जेवलो, त्यांनी दिलेली सुक्या बोंबलांची पुडी बॅगेत घातली आणि रस्त्यावर येऊन पुन्हा फोन लावला.

"जाऊन आलो."

"मग ये," आई म्हणाली.